निळ्या पाटीचा रस्सा

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता एक बाई एकटीच आली, खिडकीजवळच्या टेबलावर बसली, माशाचा रस्सा आणि पाव मागवला, जेवली आणि पैसे देऊन गेली. घडलं ते एवढंच.

एक वाजायच्या आत समोरच्या न्हाव्याने जाहीर केलं होतं, की ही निळ्या पाटीची परीक्षक. त्याच्याकडे पुरावे होते. बाई एकटी होती. जेवताना तिने फोनकडे पाहिलं नाही. पाव मोडण्याआधी तो नाकाशी नेला. आणि हात धुवायला गेली ती अंमळ जास्तच वेळ आत राहिली. न्हाव्याने हे सगळं आपल्या दुकानातल्या आरशातून पाहिलं. त्या वेळी त्याच्या खुर्चीत एक विमा एजंट होता आणि त्याची अर्धी दाढी व्हायची होती. बाई जाईपर्यंत ती तशीच राहिली.

निळी पाटी म्हणजे तळहाताएवढी एक पाटी. परदेशातली एक संस्था ती देते आणि जगातल्या मोजक्या शहरांतल्या मोजक्या रेस्टॉरंटांच्या दारावर ती असते. या वर्षी संस्थेचे परीक्षक या शहरात प्रथमच येणार होते. ते नाव सांगत नाहीत, ओळख देत नाहीत, बिल चुकतं करतात आणि एकाच ठिकाणी तीनदा जेवतात. तिन्ही वेळा पदार्थ तोच मागवतात. एकदा चांगलं झालेलं जेवण नशिबानेही झालेलं असू शकतं, असं संस्थेचं म्हणणं आहे.

शहराने ही बातमी आपल्या पद्धतीने घेतली. महापौरांनी भाषण केलं. वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं, की आपली रेस्टॉरंटं या पाटीच्या लायकीची आहेत का? निम्मे म्हणाले, आहेत. निम्मे म्हणाले, आधी नळाला पाणी वेळेवर सोडा. दोन्ही गटांतले पुष्कळ जण घरीच जेवणारे होते. नदीकाठच्या मोठ्या रेस्टॉरंटने प्लास्टिकची फुलं काढून खरी ठेवली. ती आठवडाभरात माना टाकून बसली, तेव्हा प्लास्टिकची परत आली. स्टेशनसमोरच्या एकाने ताटल्या मोठ्या केल्या आणि त्यांतलं अन्न लहान. नाकापेक्षा मोती जड, एवढंच न्हावी त्यावर म्हणाला. न्हाव्याचं स्वतःचं मत पक्कं होतं. "लायकीचं विचाराल तर गावात एकच ठिकाण आहे," तो गिऱ्हाइकाच्या कानाशी वस्तरा धरून सांगायचा, "आणि तिथल्या एका खुर्चीचा पाय आखूड आहे."

ते ठिकाण म्हणजे समोरचंच. दारावरची पाटी उन्हाने पुसट झाली होती आणि तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायची कुणाला गरज पडत नव्हती. स्वयंपाक मालकीणबाई करायच्या. त्यांचा धाकटा भाऊ वाढायचा. त्याला अख्खा रस्ता मामा म्हणायचा, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. आणि गेल्या हिवाळ्यापासून मालकीणबाईंची लेक स्वयंपाकघरात होती. ती मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलांत शिकून, राबून परत आली होती. येताना तिने स्वतःच्या सुऱ्या आणल्या आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. मामाने एकदा तिच्या सुरीने सुतळी कापली, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

या स्वयंपाकघराची एक रीत होती. कुठलीही उष्टी ताटली मालकीणबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय धुवायला जायची नाही. मामा ताटली आणून ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि नुसतं सांगायचा, "शिंपी." किंवा, "बँकेतल्या बाई." मालकीणबाई बघायच्या. शिंप्याने गाजर बाजूला सारलंय. बँकेतल्या बाईंनी पावाची कड टाकलीय. पुढच्या वेळी शिंप्याच्या ताटलीत गाजर नसायचं आणि बँकेतल्या बाईंना पावाचा मधला तुकडा मिळायचा. यावर कधी चर्चा व्हायची नाही. लोकांना वाटायचं, इथलं जेवण आपल्याला मानवतं.

रीत चुकायचीसुद्धा. त्याच आठवड्यात विमा एजंट रीतसर तक्रार घेऊन स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीपाशी आला.

"मालकीणबाई, राग मानू नका, पण तुमचा रस्सा नेहमी अळणी का असतो? काल बायकोला घेऊन आलो. तिच्या वाटीतला चाखला तर झकास. माझा अळणी."

"तुम्हाला रक्तदाब आहे ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"मला? नाही हो. माझ्या थोरल्या भावाला आहे. आम्ही दिसायला सारखे आहोत."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही अळणी खाताय?"

"मला वाटलं, तुमची पद्धत असेल."

मालकीणबाईंनी क्षणभर विचार केला. "काही वाया नाही गेलं," त्या म्हणाल्या. "पुढे होणारच असेल तर तेवढंच लांबलं."

लेक हे सगळं कांदा चिरता चिरता ऐकत होती. एजंट गेल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"आई, हे बंद करायचं."

"काय?"

"हे. माणूस बघून मीठ घालायचं. रस्सा एक, चव एक. टेबलावर कोण बसलंय याचा पातेल्याशी संबंध नाही. माशाचा तुकडा कातडीसकट, कातडी कुरकुरीत, वर लिंबाची एक चकती. शिंप्यालाही तेच आणि महापौरांनाही तेच."

"महापौरांना मासा चालत नाही. अंगावर पुरळ उठतं."

"आई."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "एक रस्सा, एक चव."

इतक्या चटकन त्या कधी कबूल होत नसत. याचं कारण मामालाही ठाऊक होतं आणि समोर न्हाव्यालाही. लेकीला तिच्या जुन्या हॉटेलाने बोलावणं धाडलं होतं, मुख्य आचारी म्हणून. उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत होती. लेकीने घरात स्पष्ट सांगितलं होतं: पाटी लागली तर मी इथेच. पाटी असली की शिकायला माणसं येतात, काही नवं करता येतं. नाही लागली तर जाईन. सगळा जन्म काही मी लोकांची गाजरं वेचत बसणार नाही.

"तिला थांब म्हण ना, ताई," मामा एकदा बहिणीला म्हणाला होता. लेक तेव्हा बाजारात गेली होती.

"मी म्हटलं तर थांबेल."

"मग म्हण की."

"आणि मग पावात खडा लागला तरी माझ्यामुळे लागला असं होईल. तुला ठाऊक नाही ती कुणावर गेलीय?"

मामाने बहिणीकडे पाहिलं आणि ठाऊक असल्याचं सांगितलं.

म्हणून मालकीणबाईंनी सगळं मान्य केलं. लेकीने वजनकाटा आणला. मीठ मोजून, लिंबू मोजून, मासा तोलून. आखूड पायाच्या खुर्चीला मामाने लाकडाचा तुकडा ठोकला. तो जाड निघाला आणि खुर्ची दुसऱ्या बाजूला कलू लागली. शिंप्याला गाजर वाढलं गेलं आणि त्याने घरी काही झालंय का अशी चौकशी केली.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी, बरोबर जेवणाच्या गर्दीत, ती बाई पुन्हा आली. मामाने खिडकीतून आत डोकं घातलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात, म्हणजे दोन टेबलांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं, "खिडकीजवळची. तोच रस्सा."

लेक भट्टीपाशी पाव काढत होती. तिने पाठमोरीच विचारलं, "रस्सा तयार आहे?"

"वाढते," मालकीणबाई म्हणाल्या.

बाई जेवली. ताटली परत आली ती पुसून काढल्यासारखी स्वच्छ. मामाने ती दोन्ही हातांत धरून आणली. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. लेक हात पुसत आली, ताटलीकडे बघितलं आणि थांबली.

"कातडी खाल्ली तिने?"

मामाने ताटली ओट्यावर ठेवली.

"लिंबाची चकतीही खाल्ली? सालीसकट?"

"गेल्या खेपेला दोन्ही कडेला ठेवलं होतं तिने," मालकीणबाई म्हणाल्या. "आंबटही तिला जरा जास्तच झालं असणार, तळाशी रस्सा तसाच होता."

"म्हणून?"

"म्हणून काढली कातडी. चकतीही नाही ठेवली. आणि लिंबू थोडं कमी पिळलं."

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं," मालकीणबाईंनी कबूल केलं. "माझ्या ध्यानात होतं. हाताला सांगायचं राहिलं."

लेक स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मामाला बरं वाटलं असतं.

"आई, ते लोक तीनदा का येतात? तीनही वेळा तेच मिळतंय का, हे बघायला येतात. तेच. तसंच. कातडीसकट."

"तिला जे आवडलं नाही, ते तिला परत वाढायचं?"

"हो."

"आणि तिसऱ्यांदाही?"

"हो."

"आणि याची पाटी मिळते?"

"हो आई. याचीच मिळते."

मालकीणबाईंनी यावर विचार केला. "मग तिला एकदाच यायला सांग ना," त्या म्हणाल्या. "तिचेही पैसे वाचतील."

पुढचे काही दिवस स्वयंपाकघरात एकच प्रश्न होता. बाई तिसऱ्यांदा आली तर काय वाढायचं? पहिल्यासारखं वाढलं तर ते दुसऱ्याहून वेगळं. दुसऱ्यासारखं वाढलं तर ते पहिल्याहून वेगळं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मामाने मधला मार्ग काढला: अर्धी कातडी ठेवायची. लेकीने त्याला कांदे आणायला पाठवलं. कांदे घरात होते.

न्हाव्याला विचारलं नव्हतं, तरी तो येऊन सांगून गेला. "वहिनी, माझं ऐका. ती आली की दुकान बंद आहे म्हणा. न मिळालेल्या जेवणाला कोण नावं ठेवणार?"

"आणि ती परीक्षक नसलीच तर?" मालकीणबाईंनी विचारलं. "उपाशी पाठवायची बिचारीला?"

ती परीक्षक नसेल, हे तोवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लेकीने रेस्टॉरंटवाल्यांच्या संघाच्या कार्यालयात फोन करून चौकशी केली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, की शहरातल्या सतरा रेस्टॉरंटांना आपापला परीक्षक सापडलेला आहे. त्यांपैकी एक जण पंखे दुरुस्त करणारा निघाला आणि दोन दिवस फुकट जेवला. आपली बाई खरी की खोटी हे संघाला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. पण माहीत नाही.

शेवटी लेकीने एक घाव दोन तुकडे केले. पहिल्यासारखं. ते घराचं आहे, ठरलेलं आहे, दुसऱ्या वेळची ती चूक. ताटली ती स्वतः वाढणार. आणि आई त्या वेळी कशालाही हात लावणार नाही.

"नाही लावणार," मालकीणबाई म्हणाल्या.

"हाताला सांगितलंस?"

"सांगते."

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी बाई आली. या वेळी ती एकटी नव्हती. मामा खिडकीत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"खिडकीजवळची. दोन रस्से. बरोबर एक म्हातारे आहेत. वडील असावेत, नाक तेच आहे. हात थरथरतोय त्यांचा, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला."

मालकीणबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या, स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात अॅप्रनमध्ये गुंडाळून घेतले. लेक तव्यापाशी उभी राहिली. तिने पहिला तुकडा कातडीकडून टाकला, दाबला, उलटला, काढला. ताटलीत रस्सा, त्यावर तुकडा, कातडी वर, लिंबाची चकती, कड पुसली. पहिल्या मंगळवारची ताटली जशीच्या तशी. मालकीणबाईंनाही तीत खोट काढता आली नसती, आणि काढावीशी वाटत होती.

मग तिने दुसरा तुकडा घेतला. तोही तसाच टाकला, दाबला, उलटला, काढला. फळीवर ठेवला. बोटांनी काटे शोधले आणि एकेक उपसून काढले. कातडी सोलून बाजूला टाकली. मासा मोडून रश्श्यात सोडला, आणि रस्सा पसरट ताटलीत न घालता दोन कानांच्या खोल वाडग्यात घातला, म्हणजे दोन्ही हातांनी धरता यावा. पावाची कड कापली. वाडगा हाताला भाजत नाही ना ते बघितलं. मामाच्या पुढ्यात दोन्ही सरकवून ती पुढच्या टेबलाच्या कामाला लागली.

मामाने वाडग्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ने म्हणून मालकीणबाईंनी मान अगदी किंचित हलवली. मामा घेऊन गेला.

ताटल्या परत आल्या तेव्हा गर्दी ओसरली होती. बाईच्या ताटलीच्या कडेला कातडी होती, तिच्यावर लिंबाची चकती, नीट घडी केलेल्या कपड्यासारखी. वाडग्यात काही नव्हतं.

"काही म्हणाली?" लेकीने विचारलं.

"विचारत होती, दोन्ही रस्से एकाच पातेल्यातले का," मामा म्हणाला. "म्हटलं, एकाच."

"छान."

"मग म्हणाली, मग वेगळे कसे?"

लेकीचा हात थांबला. हा इथे कुणी आणून ठेवला, अशा नजरेने तिने वाडग्याकडे पाहिलं.

"तू काय सांगितलंस, मामा?"

"सांगितलं, माणसं वेगळी आहेत ना."

लेकीने कपाळ कपाटाच्या दाराला टेकवलं. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तिने विचारलं, पोरी."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. हसली. की दातात काही अडकलं होतं, ते सांगता यायचं नाही. म्हाताऱ्यांनी मात्र हात हातात घेतला माझा. सोडेचनात. पुढचं टेबल खोळंबलं."

मालकीणबाई स्टुलावरून उठल्या. अॅप्रन झटकला. वाडगा उचलून त्याचा तळ पाहिला.

"एक रस्सा," त्या म्हणाल्या, "एक चव."

"त्यांचा हात थरथरत होता, आई."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस, तेच जास्त ऐकू येतं."

"मी नुसती बसले होते," मालकीणबाई म्हणाल्या. "हात बांधून. मामाला विचार."

लेकीला हसू आलं आणि तिने ते सुऱ्या पुसण्यात घालवलं. त्या दिवशी या विषयावर पुढे बोलणं झालं नाही. मामाने सुऱ्यांना हात न लावता त्या कुठे ठेवायच्या ते दाखवलं, आणि त्याला बोलणी बसली नाहीत, हे त्याने न्हाव्याला मुद्दाम सांगितलं.

त्यानंतर जे कळलं ते असं. निळ्या पाटीच्या संस्थेने या शहराचा निकाल पुढे ढकलला. आणखी भेटींची गरज वाटते, एवढंच कारण दिलं. यावर शहरात दोन मतं पडली. महापौरांच्या मते परीक्षकांना आपलं जेवण इतकं आवडलं, की ते आणखी खाऊ इच्छितात. न्हाव्याच्या मते त्यांना जेवायला धड मिळालंच नाही. स्टेशनसमोरच्या रेस्टॉरंटने ताटल्या आणखी मोठ्या मागवल्या. खिडकीजवळची बाई पुन्हा दिसली नाही. तिचे वडील मात्र एकदा एकटेच येऊन गेले. मामाने त्यांना मुलगी काय करते म्हणून विचारलं. ते म्हणाले, "सारखी बाहेरगावी असते." मामाने हे घरात पुराव्यासारखं मांडलं. लेक म्हणाली, बाहेरगावी ट्रकवालेही असतात.

हॉटेलची मुदत मात्र पुढे गेली नाही. लेकीने आठवडा मागितला, त्यांनी शनिवार-रविवार दिले. सोमवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं, पाटी असो वा नसो. रविवारी मालकीणबाईंनी तिचे जाडे लोकरी कपडे धुवून वाळत घातले. लेकीने ते पाहिले.

"घालवतेस मला?"

"घाण झाले होते."

"मला काही विचारायचं नाही तुला?"

मालकीणबाईंनी चिमटा लावला. मग दुसरा लावला. "विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुझं झालं की विचारेन."

"काय झालं की?"

"ठरवून."

 लेकीने टोपलीतून एक स्वेटर घेतला, झटकला आणि दोरीवर टाकला.

सोमवारी जेवणाची वेळ होती, सगळी टेबलं भरलेली. सव्वा वाजता फोन वाजला. लेकीचे दोन्ही हात माशात होते. "घे, मामा," ती म्हणाली. "म्हणावं, एक मिनिट थांबा."

मामाने फोन कानाला लावला आणि एक मिनिट थांबायला सांगितलं. मग नुसतं थांबणं बरं दिसत नाही म्हणून त्याने हॉटेलच्या माणसाची चौकशी सुरू केली. आपण कुठले, जेवण झालं का, तिकडे हवा कशी आहे. पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं, कारण मामा म्हणाला, "ते मला नाही ठाऊक हो, तिलाच विचारा, येतेच आहे."

मालकीणबाई पावाच्या भट्टीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं आणि ते द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

लेक हात धूत होती.